उपग्रहांच्या साक्षीने जमीन मोजणी

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन या सर्वेक्षकाची समाधी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक पायारेषा साखळीने काटेकोरपणे मोजून त्यांनी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत ते वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिले. सुमारे अर्धा टन वजनाचे त्यांचे थिओडोलाइट यंत्र डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवावे लागे. १८०८ मध्ये तंजावर येथे गोपुरावर चढविताना ते आदळले आणि मोठ्या कष्टाने दुरुस्त करावे लागले. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

आज त्याच हिंगणघाटच्या शिवारात भूकरमापक दोन मीटर उंचीची एक काठी घेऊन बांधावर उभा राहतो. काठीच्या टोकाला डब्याएवढे ग्राहक यंत्र असते, हातात मोबाइलसारखे नियंत्रक उपकरण असते, आणि काही सेकंदांत त्या बिंदूचे स्थान दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने नोंदले जाते. या काठीला व तिच्यावरील यंत्राला मिळून ‘रोव्हर’ म्हणतात. भूमि अभिलेख विभागाच्या मोजणीच्या कामात रोव्हर आता सर्रास दिसू लागला आहे. त्यामुळे ग्रामपंचायत सदस्य, तलाठी आणि शिक्षक यांच्याकडे गावकरी साहजिकच विचारणा करतात: हे यंत्र काय सांगते, आणि त्याचे सांगणे कितपत मानावे?

साखळी आणि आणे

तत्कालीन मुंबई इलाख्यात शेतवार मोजणीची जी पद्धत रुजली, तिचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात घातला. ही मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट; असे ४० गुंठे मिळून एक एकर. साखळीचे सोळा भाग असत व त्यांना रुपयाप्रमाणेच ‘आणे’ म्हणत. जुन्या टिपणांत शेताच्या बाजू साखळी आणि आणे यांतच लिहिलेल्या आढळतात. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, आजच्या मापाने सुमारे ६३ सेंटिमीटर. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आकाशातून स्थान कसे कळते?

अमेरिकेच्या जीपीएस या व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या त्याच प्रकारच्या व्यवस्था होत. आपल्या देशाची नाविक ही प्रादेशिक व्यवस्था असून तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि ‘मी अमुक ठिकाणी आहे, आता अमुक वेळ झाली आहे’ अशा आशयाचा संदेश तो अखंड प्रक्षेपित करीत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. तरीही त्याला पृथ्वीवर पोहोचण्यास एका सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. या विलंबावरून उपग्रहाचे अंतर निघते. तीन अंतरांवरून एक बिंदू ठरतो हे भूमितीच्या विद्यार्थ्यासही पटेल. परंतु ग्राहक यंत्रातील घड्याळ साधे असल्याने त्याची चूक हीदेखील एक अज्ञात राशी ठरते. म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. वेळेत एका सेकंदाच्या अब्जांशाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते, यावरून घड्याळाचे महत्त्व ध्यानी यावे.

आपल्या खिशातील मोबाइलही हेच करतो, मात्र त्याचे उत्तर काही मीटर इकडेतिकडे असते. रस्ता शोधण्यास ते पुरते. बांध ठरविण्यास मुळीच पुरत नाही. मोबाइलवरील नकाशात शेजाऱ्याचे अतिक्रमण पाहून तंट्यास उभे राहणाऱ्यांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

मीटरांवरून सेंटिमीटरांवर येण्यासाठी दोन युक्त्या योजतात. पहिली युक्ती शाळेच्या घड्याळाच्या उदाहरणाने समजते. शाळेचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे हे एकदा कळले, की ते दुरुस्त न करताही खरी वेळ सांगता येते. त्याचप्रमाणे ज्याचे स्थान आधीच अचूक ठाऊक आहे अशा बिंदूवर एक ग्राहक यंत्र स्थिर ठेवतात. उपग्रहांकडून आलेले उत्तर आणि खरे स्थान यांतील फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. वातावरणातून येताना संदेशाला जो विलंब होतो, तो जवळपासच्या सर्व ठिकाणी जवळजवळ सारखाच असतो. म्हणून स्थिर केंद्राने कळविलेली दुरुस्ती रोव्हरलाही लागू पडते. अंतर वाढले की हे साम्य कमी होते. साधारणतः दर किलोमीटरमागे एक मिलिमीटरची अनिश्चितता वाढते असे धरतात.

दुसरी युक्ती प्रत्यक्ष रेडिओलहर मोजण्याची. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिचा अगदी लहान अंशही यंत्राला ओळखता येतो. अडचण इतकीच, की मधल्या पूर्ण लहरी किती हे यंत्राला प्रारंभी ठाऊक नसते. कापड मोजणाऱ्याने शेवटचा तुकडा नेमका मोजावा, पण आधी किती वार झाले ते विसरावे, तसा हा प्रकार आहे. अनेक उपग्रहांच्या निरीक्षणांवरून गणिताने ती पूर्ण संख्या निश्चित झाली की नियंत्रकावर ‘फिक्स्ड’ असा शब्द उमटतो. तोवर ‘फ्लोट’ असे दिसते. ‘फ्लोट’ अवस्थेत हद्दीचा बिंदू घेणे म्हणजे अंदाजाने खूण रोवणे होय.

यंत्राची मांडणी

स्थिर केंद्र आता दरवेळी शेतात मांडावे लागतेच असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी ७७ कायमची संदर्भ केंद्रे उभारली असून त्यांना ‘कॉर्स’ केंद्रे म्हणतात. त्यांच्याकडील दुरुस्तीसंदेश मोबाइलच्या इंटरनेटद्वारे रोव्हरला मिळतात. तथापि सह्याद्रीच्या दऱ्यांत किंवा गडचिरोलीच्या जंगलात मोबाइलची सेवा सर्वत्र मिळत नाही. तेथे आपले स्थिर यंत्र तिपाईवर उभारून रेडिओद्वारे संदेश पाठवावे लागतात.

तिपाईचे पाय घट्ट रोवून, यंत्र खालच्या खुणेच्या नेमके वर आणून, पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी ठेवावा लागतो. खुणेपासून यंत्रापर्यंतची उंची सुरुवातीस आणि काम संपल्यावर अशी दोनदा मोजून लिहून ठेवतात. हे काम क्षुल्लक वाटते, परंतु येथे झालेली चूक त्या दिवशीच्या प्रत्येक बिंदूत उतरते आणि बिंदूंची परस्पर अंतरे बरोबरच येत असल्यामुळे ती कोणाच्या लक्षातही येत नाही. रोव्हरची काठीही ओळंब्यात हवी. दोन मीटरची काठी एका अंशाने कलली, तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते.

जागेची निवड हा खरा अनुभवाचा भाग. माथ्यावर आकाश मोकळे हवे. पत्र्याचे छप्पर, उंच भिंत, पाण्याचा मोठा साठा यांवर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेने येतो आणि यंत्राची दिशाभूल करतो. शेताचे कोपरे तर नेमके बाभळीखाली, आंब्याखाली नाहीतर विहिरीच्या कठड्याशी असतात! अशा वेळी यंत्र कधी कधी ‘फिक्स्ड’ दाखवूनही चुकीचे उत्तर देते. मोकळ्या जागेत दोन बिंदू रोव्हरने घेऊन तेथून कोपऱ्यापर्यंतचे माप फीत किंवा ईटीएस यंत्राने घेणे हा त्यावरील रास्त मार्ग. सावध भूकरमापक आणखी दोन गोष्टी करतो. काम सुरू करण्यापूर्वी एखाद्या ज्ञात खुणेवर यंत्र ठेवून उत्तर पडताळतो. आणि महत्त्वाचे कोपरे अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजतो, कारण तोपर्यंत उपग्रहांची मांडणी बदललेली असते. दोन्ही उत्तरे जुळली तर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.

पट्टा कोणता?

नकाशाच्या सोयीसाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमधील ४३ व्या पट्ट्यात येतो, तर नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा पूर्व विदर्भ ४४ व्या पट्ट्यात. नियंत्रकात पट्टा चुकीचा निवडला गेला, तर बिंदूंचे आकडे जुन्या नोंदींशी जुळतच नाहीत. ही चूक ढळढळीत असल्याने लवकर उमगते. दुसरी सूक्ष्म आहे. पट्ट्याच्या मध्यरेखांशाजवळ नकाशावरील अंतर प्रत्यक्षापेक्षा १०० मीटरमागे सुमारे चार सेंटिमीटर कमी येते. ४३ व्या पट्ट्याचा मध्यरेखांश ७५ अंशांचा. म्हणजे अहिल्यानगरच्या आसपासच्या शेतकऱ्याचे एक हेक्टर क्षेत्र या कारणाने कागदावर सुमारे आठ चौरस मीटर कमी भरू शकते. जमीन कोठेही गेलेली नसते. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याचा तो परिणाम आहे. ही दुरुस्ती गणिताने करता येते, व ती केली आहे किंवा नाही हे विचारण्याचा अधिकार खातेदारास आहेच.

हद्द आणि स्थान

आता त्या ६३ सेंटिमीटरांकडे वळू. यंत्र दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक, तर ज्या टिपणावरून हद्द ठरवायची ते आण्याच्या मापाने लिहिलेले. त्यात भर म्हणजे जुन्या नकाशाचा कागद आटलेला, घड्यांवर विरलेला. अशा अभिलेखावरून सेंटिमीटरची हद्द काढण्याचा आव आणणे अयोग्य होय, आणि यंत्राचा गौरव करताना प्रस्तुत लेखकासारखे प्रसिद्धीचे काम करणारे लोक नेमके हेच सांगावयास विसरतात. आपण कोठे उभे आहोत हे रोव्हर सांगतो. ती जमीन कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. ते टिपण, गाव नकाशा, गटबुक, फाळणी आणि जागेवरील जुन्या खुणा यांवरूनच ठरते.

म्हणून कुशल भूकरमापक प्रथम शेत मोजत नाही; प्रथम खुणा शोधतो. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, जुने वरगळ, नांगराखाली न आलेले बांध, शेजारच्या गटांचे निर्विवाद कोपरे यांची स्थाने रोव्हरने घेतली जातात. त्या खुणांशी जुना नकाशा जुळवून पाहिला जातो, आणि कोणती खूण जागची हलली आहे हे तेव्हाच उघडकीस येते. चारपैकी तीन खुणा जुळतात आणि चौथी दीड मीटर आत येते, तेव्हा तो बांध कोणी कोरत नेला याची चर्चा गावात सुरू होते! परंतु एकाच खुणेवर विसंबून संपूर्ण गट फिरविला, तर एका शेतकऱ्याचा तंटा सोडविताना दहा शेतकऱ्यांचे बांध हलतात. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीत दोन हात रुंदीच्या पट्टीसाठी भावाभावांत वर्षानुवर्षे दावे चालतात. अशा ठिकाणी खुणा शोधण्यात गेलेला एक अधिक तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

ग्रामपंचायत सदस्यांचे साहाय्य येथेच मोलाचे ठरते. लगतच्या खातेदारांना मोजणीच्या नोटिसा मिळाल्या का, ते हजर आहेत का, आणि गावातील जाणत्या वृद्धांना पूर्वीच्या वरगळाची जागा आठवते का, हे त्यांनी पाहावे. पंच म्हणून सही करणाऱ्याने नियंत्रकाच्या पडद्यावर ‘फिक्स्ड’ आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहण्यास कोणाची हरकत नसावी. मोजणी मान्य नसल्यास उपअधीक्षकांकडून निमताना मोजणीची मागणी करता येते. त्या वेळी पहिल्या मोजणीतील बिंदूंचे अक्षांश-रेखांश उपलब्ध असले, की दोन्ही मोजण्यांत नेमका फरक कोठे पडला ते बोट ठेवून दाखविता येते. साखळीच्या काळात ही सोय नव्हती.

मोजणी संपल्यावर हद्दीच्या खुणा मात्र पूर्वीसारख्याच दगडांनी कायम कराव्या लागतात. त्यासाठी दगड आणि पहार आदल्या दिवशीच शेतावर आणून ठेवलेली बरी. भूकरमापकाला त्याच दिवशी पुढच्या गावी जावयाचे असते.