पावसाळा आणि मनगटावरचं यंत्र

बदलापूर-अंबरनाथच्या पावसात महागडं घड्याळ घालणाऱ्यांनी तबकडीवरच्या 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' या अक्षरांवर विसंबू नये. ३० मीटर पाण्याइतका स्थिर दाब नवं घड्याळ चाचणीत झेलतं, एवढाच त्याचा अर्थ. ते घालून पोहायचं नसतं. पाणी अडवतात ती काच, चावी आणि मागचं झाकण यांच्या सांध्यांतली बारीक रबरी कडी. आणि रबर वयाबरोबर कडक होतं.

दमट फलाटावरून एसी लोकलमध्ये चढलात आणि काचेला आतून धुकं धरलं, तर ते गंभीर लक्षण. काच थंड होते, आत शिरलेलं बाष्प तिच्यावर जमतं. घड्याळजी हेच मुद्दाम घडवतात: घड्याळ किंचित गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात. थेंब पुसल्यावर आत पुसट डाग उरला, की ओल आहे. मग चावी ओढू नका, लगेच दुकान गाठा. पोलादी भाग लवकर गंजतात.

उल्हासनगरात असो वा दादरला, जुनं रोलेक्स किंवा ओमेगा घेताना झाकण उघडून यंत्र पाहण्याचा आग्रह धराच. सेकंदकाटा सुळसुळ सरकतो म्हणजे घड्याळ अस्सल, हा समज चुकीचा आहे. काटा तसा सरकवणारे तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला ८, आज नकली यंत्रंही देतात. आणि विकत घेतल्यावर दाबचाचणी दरवर्षी मे महिन्यातच करून घ्या.