तुल्यबळांचा डाव
मैदान पावसाने बंद झाले की आपल्या वसतिगृहात बुद्धिबळाचे पट मांडले जातात, आणि डाव बरोबरीत सुटला की ‘मग जिंकले कोण?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तरादाखल आम्ही नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशच्या कोनेरू हम्पी यांच्यातील २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीचा दाखला देतो.

हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाल्या; दिव्याचा जन्मच २००५ चा. अनुभवाचे हे अंतर पटावर मात्र दिसेना. जॉर्जियातील बातुमी येथे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. अशा वेळी निर्णय घड्याळाकडे सोपविला जातो. २८ जुलै रोजी जलद डाव झाले : प्रत्येकीस पंधरा मिनिटे आणि दर चालीमागे दहा सेकंदांची भर. पहिला डाव पुन्हा बरोबरीतच. दुसऱ्यात पांढरी मोहरी, म्हणजे पहिल्या चालीचा लाभ, हम्पींकडे होता. परंतु वेळ सरत आली तशा त्यांच्या हातून चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या अडीच विरुद्ध दीड गुणांनी विजयी झाली.

एरवी ग्रँडमास्टर किताबासाठी तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन लागते. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. या विजेतेपदाने ती थेट भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. हम्पींची ओळख मात्र केवळ उपविजेत्या म्हणून करून देणे आम्हांस अपुरे वाटते. हा किताब मिळविणारी पहिली भारतीय स्त्री त्याच.