विश्लेषण : मोकळ्या रस्त्यावर थंड, कोंडीत गरम! दुचाकीच्या रेडिएटरचा फॅन कसा तपासाल?

जोडून सुट्टी आली की लोणावळा, ताम्हिणी, माळशेजच्या वाटेवर दुचाकींची रीघ लागते. मोकळ्या रस्त्यावर तासभर व्यवस्थित धावलेली गाडी घाटातल्या कोंडीत पाच-दहा मिनिटे रखडते आणि मीटरवर तापमानाचा लाल दिवा लागतो. रेडिएटर असलेल्या गाडीत असे झाले, तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यावा. हा फॅन बंद पडल्याचे एरवी कळतही नाही. कळते ते नेमके अडचणीच्या वेळी.

इंजिनात एवढी उष्णता येते कुठून?

पेट्रोलमधील ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. तिचा काही भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो, उरलेला इंजिनातून बाहेर काढावा लागतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत सिलिंडरभोवतीच्या पात्यांवरून वाहणारा वारा हे काम करतो. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचे इंजिन झाकलेले असते. त्यामुळे तिथे इंजिनाबरोबरच फिरणारा पंखा हवा मारत राहतो. यामाहा आर 15, पल्सर एनएस 200, केटीएम ड्यूक 390 किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 या गाड्या मात्र ‘लिक्विड कूल्ड’ आहेत. त्यांच्या इंजिनात फिरणारे कूलंट उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तिथे थंड होते आणि परत इंजिनात जाते.

मग फॅन कधी लागतो?

गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, फॅनची गरजच पडत नाही. गाडी सिग्नलवर थांबली की वारा थांबतो, इंजिन मात्र सुरूच असते. कूलंटचे तापमान वाढत जाते आणि ठरावीक अंशाला सेन्सर किंवा थर्मल स्विच फॅन सुरू करतो. अनेक गाड्यांत हा आकडा 100 अंश सेल्सियसच्या आसपास असतो. तापमान काही अंश उतरले की फॅन आपोआप बंद होतो.

100 अंशांना कूलंट उकळत कसे नाही? कूलंटमधील ग्लायकॉलमुळे त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा वर असतो. शिवाय रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. प्रेशर कुकरचे तत्त्व इथेही लागू होते. म्हणूनच गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे वाफ न जिरलेल्या कुकरचे झाकण काढण्यासारखे आहे. उकळते कूलंट थेट अंगावर उडते.

घरी तपासणी कशी करावी?

इंजिन थंड असताना सुरुवात करावी. चावी बंद ठेवून रिझर्व्ह टाकीतील कूलंट कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहावे. फॅनची पाती बोटाने हलकेच फिरवून पाहावीत. चिखल, खडा किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल तर तेवढ्यानेही फॅन अडतो.

त्यानंतर गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन सुरू ठेवावे. बंद पार्किंगमध्ये विषारी धूर साठतो, तिथे हा प्रयोग नको. उन्हाळ्यात साधारण 10 ते 15 मिनिटांत, गारव्यात थोड्या उशिराने, फॅनची घरघर ऐकू यायला हवी. फॅन सुरू झाल्यावर मीटरचा काटा स्थिरावला किंवा उतरला, तर यंत्रणा ठीक आहे. काही गाड्यांत तापमानाचा मीटर नसतो, फक्त इशाऱ्याचा दिवा असतो. फॅन सुरू होण्याआधीच दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही फॅन फिरू शकतो, त्यामुळे गरम इंजिनाजवळ बोटे नेऊ नयेत.

फॅन फिरलाच नाही तर?

आधी फ्यूज पाहावा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावल्यास वायरिंग जळू शकते. नवा फ्यूजही उडाला, तर फॅनची मोटर जाम आहे किंवा कुठे तरी शॉर्ट आहे. त्यानंतर फॅनचा कनेक्टर सैल किंवा गंजलेला आहे का, ते पाहावे.

पुढची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी. फॅनचा कनेक्टर काढून मोटरला थेट 12 व्होल्टचा पुरवठा दिला आणि ती फिरली, तर मोटर चांगली आहे. दोष रिले, सेन्सर किंवा वायरमध्ये आहे. कूलंट कमी असेल आणि सेन्सरभोवती हवा साठली असेल, तर इंजिन तापूनही सेन्सरला ते कळत नाही.

वायरिंगचे काम झाल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. वायर उलट्या जोडल्या गेल्यास फॅन उलटा फिरतो. आवाज येतो, पण हवा नीट खेचली जात नाही. बहुतेक गाड्यांत फॅन रेडिएटरच्या मागे असतो. तो सुरू असताना रेडिएटरच्या पुढे कागद धरला की तो जाळीकडे ओढला जायला हवा.

वाटेत इंजिन तापले तर?

गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास थांबावे. झाकण उघडू नये, तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंट कमी दिसल्यास अडचणीपुरते स्वच्छ पाणी घालता येते. नंतर कूलंट बदलून घ्यावे. फक्त फॅनच बंद असेल, तर कोंडी टाळून, थांबावे लागेल तिथे इंजिन बंद करत, काट्यावर लक्ष ठेवून जवळचे गॅरेज गाठता येते.

दुर्लक्ष महागात का पडते?

अति तापल्याने हेड वाकते, गॅस्केट उडते आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळू शकते. पिस्टन जाम होऊन धावत्या गाडीचे मागचे चाक अडकले, तर प्रश्न चालकाच्या जिवाचा होतो. साध्या फ्यूजपासून सुरू झालेला बिघाड इंजिन उघडण्यापर्यंत जाऊ शकतो. गाडी धुताना रेडिएटर आणि फॅनवर जवळून प्रेशरचा फवारा मारणेही टाळावे. त्याने जाळी वाकते आणि मोटरमध्ये पाणी शिरते. घाटाकडे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे इंजिन सुरू ठेवून फॅनची घरघर ऐकली, तर बिघाड घाटात नव्हे, घरीच सापडतो.