कालव्याचा जीर्णोद्धार : कुदळ आणि पावती

कालवा बांधण्यास सरकारी तिजोरी लागते. मोडण्यास कोणाचेंच साह्य लागत नाहीं. दोन-चार वर्षें गाळ उपसला नाहीं, भरावावर बाभळी माजूं दिल्या, फुटलेलें अस्तर तसेंच ठेविलें, म्हणजे चारीच्या शेपटाकडे पाणी पोंचेनासें होतें, आणि तेथील शेतकरी अखेर मागणीअर्ज भरण्याचेंही सोडून देतो. कामरगांवाकडील सोयाबीन, तूर व कपाशी बहुतांशीं आभाळाच्या भरंवशावर पिकतात, त्यामुळें हा विषय आमच्या कांहीं वाचकांस दूरचा वाटेल. परंतु आमच्या कारंजा तालुक्यांत अडाण नदीवर धरण आहे, आणि नाल्यांवरील बंधारे तर सर्वांच्याच परिचयाचे आहेत. शिवाय २०१६ ते २०१९ या वर्षांत पाणलोटाच्या स्पर्धेच्या निमित्तानें महाराष्ट्रांत गांवेंच्या गांवें श्रमदानास उतरलीं. कुदळ धरणाऱ्या हातांची उणीव आपणांकडे नाहीं. आम्हांस काळजी वाटते ती उपसलेला गाळ पुनः भरूं लागल्यानंतरची.

यासंबंधीं इंग्लंडांतील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. स्ट्रॅटफर्ड शहरास जाणारा कालवा १८१६ सालीं पुरा झाला. तो ओलितासाठीं नव्हे, तर कोळसा व इतर माल होड्यांतून वाहण्यासाठीं खणलेला. चढउतारावर दोन्ही बाजूंस दारें असलेले हौद बांधून, त्यांत पाणी भरून वा सोडून होडी वरखालीं नेत. अशा हौदांची संख्या दक्षिणेकडील तेरा मैलांत छत्तीस. पुढें आगगाडीनें धंदा नेला, दारें कुजलीं, पात्रांत गवत माजलें. १९५८ सालीं तेथील जिल्हा मंडळानें रस्त्याच्या पुलाचा खर्च वांचावा म्हणून हा भाग कायमचा बंद करण्याची परवानगी मागितली. त्यासाठीं मागील तीन वर्षांत कालव्याचा वापर झालेला नाहीं असें सिद्ध व्हावयास पाहिजे होतें. तेव्हां वल्ह्याच्या लहानशा होडीचें शुल्क भरल्याची तारीखवार पावती पुढें आली! १९५९ सालीं परवानगी नाकारण्यांत आली. ज्यांचा जन्म महसुलाच्या कचेरींत पावत्या फाडण्यांत गेला, त्यांस ही गोष्ट गोड लागल्यावांचून राहणार नाहीं.

मग नॅशनल ट्रस्ट नांवाच्या संस्थेनें कालवा भाडेपट्ट्यानें घेतला. डेव्हिड हचिंग्ज नांवाच्या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं १९६१ सालीं काम सुरू झालें. स्वयंसेवक, सैनिक व बर्मिंगहॅमच्या तुरुंगांतील कैदी चिखलांत उतरले, आणि ११ जुलै १९६४ रोजीं राजमातेच्या हस्तें कालवा पुनः खुला झाला. परंतु दरसालची डागडुजी उत्साहावर चालत नसते. १९८८ सालीं ट्रस्टनें तो सरकारी जलमार्ग मंडळाच्या स्वाधीन केला.

आपल्या नाशिक जिल्ह्यांतील ओझरकरांनीं नेमका उलट मार्ग धरिला, म्हणून त्यांची हकीकत अधिक मोलाची. दिंडोरी तालुक्यांत कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाकडे. लाभक्षेत्रांत नांव होतें. पाणी मात्र नव्हतें. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनीं शेतकऱ्यांस एकत्र केलें, आणि १९९१ सालीं महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या.

त्यांच्या व्यवस्थेचें मर्म मापांत आहे. पूर्वीं पिकाच्या व क्षेत्राच्या हिशेबानें आकारणी होई. पाणी किती आलें हें कोणीच मोजीत नसे. संस्थेनें खात्याकडून पाणी घनमापानें घ्यावयाचें ठरविलें. चारीच्या मुखाशीं मोजणी, तेवढ्याचेंच देणें, आणि सभासदांत वांटणी व पट्टीची वसुली संस्थेची. घेतलेल्या मापांत कोणतें पीक करावें याची मुभा शेतकऱ्यास मिळाली. एकदां पाणी मोजून विकत घेतलें, म्हणजे फुटक्या अस्तरांतून गळणारें पाणी स्वतःच्या खिशांतून गळूं लागतें. मग चारी दुरुस्त ठेवण्यासाठीं कोणास व्याख्यान द्यावें लागत नाहीं. शेपटाच्या शेतास आधीं व मुखाजवळच्यास मागून, अशी पाळी ठेविली गेली. नाल्यांवर बंधारे घालून विहिरींस पाझर मिळेल अशीही तजवीज झाली. मुखाजवळच्या शेतकऱ्यास ही पाळी प्रथम जड जाणारच. हातचें पाणी पुढें जाऊं देणें सोपें नव्हे. तथापि पुढें धरणाखालीं अशा चोवीस संस्था झाल्या, आणि २००३ च्या सुमारास संपूर्ण प्रकल्पाची व्यवस्था शेतकऱ्यांच्या हातीं आली. २००५ सालीं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही महाराष्ट्रांत झाला. हस्तांतरणापूर्वीं खात्यानें व संस्थेनें चारीची संयुक्त पाहणी करावी, अशी त्यांत तरतूद आहे.

आमच्या ज्या वाचकांची जमीन कालव्याखालीं आहे, त्यांनीं श्रमदानाचा नारळ फोडण्यापूर्वीं चारीच्या मुखापासून शेपटापर्यंत एकदां पायीं जावें. कोठें अस्तर फुटलें, कोणत्या दाराची झडप नाहीं, कोणीं भराव फोडून पाणी वळविलें, हें अंतरासह वहींत टिपावें. संयुक्त पाहणीच्या दिवशीं ती यादी खात्याच्या अभियंत्यापुढें ठेवून तिजवर उभयतांच्या सह्या घ्याव्या व एक प्रत संस्थेच्या दप्तरांत ठेवावी. आणि ह्या फेरींत शेवटच्या शेताच्या मालकास बरोबर घेतल्यावांचून निघूं नये.