हद्द पाण्याची, हद्द दफ्तराची

भाईंदर पश्चिमेला उभी असलेली उत्तनची बस धरली, की थोड्याच वेळात इमारतींच्या रांगा आणि दुकानांच्या पाट्या मागे पडतात. मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे येतात, जेथे एका दारापुढे तुळशीवृंदावन असते आणि पुढच्या वळणावर पांढरा क्रूस. मग दोन्ही अंगांना खाजण, तिवरांची दाटी आणि मिठागरांचे चौकोन लागतात. आणि डोंगरी मागे पडली की अरबी समुद्र दिसू लागतो. हा सारा प्रवास एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत घडतो, हे पाहुण्याला सांगितल्यावाचून कळत नाही, आणि सांगितले तरी चटकन पटत नाही.

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसलेल्या मिरा-भाईंदरची हद्द तीन बाजूंनी निसर्गानेच आखून दिलेली आहे. उत्तरेला उल्हास नदीचे पाणी समुद्राकडे नेणारी वसईची खाडी, पश्चिमेला खुद्द समुद्र, पूर्वेला घोडबंदर-चेण्याच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. दक्षिणेची दहिसरकडील सीमा तेवढी लेखणीने ओढलेली, आणि म्हणूनच की काय, तंटे आणि वाहनांच्या रांगा नेमक्या तिथेच. ज्याच्या हाती हे टोक त्याच्या हाती खाडीचे तोंड, हे पोर्तुगिजांना ठाऊक होते आणि मराठ्यांनाही. खाडीकाठी घोडबंदरचा किल्ला आहे, ज्याच्या नावात घोड्यांच्या जुन्या व्यापाराची आठवण सांगतात. आणि पश्चिमेला आहे धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी याचा काही संबंध नाही, असे आम्हाला जन्मभर खुलासे करावे लागतात! वसईच्या किल्ल्यासमोर, खाडीच्या अलीकडच्या तीरावरचे हे उंचवट्याचे ठाणे हाती आल्यावाचून वसईची जलमार्गाने येणारी रसद तुटणार नव्हती. १७३९ साली वसई पडली त्या मोहिमेत धारावीचे मोल काय होते, हे तिथल्या चौक गावच्या टेकाडावर उभे राहून पलीकडे पाहिले, की कोणत्याही बखरीवाचून उमगते.

परंतु या मुलखाचा खरा इतिहास लढायांहून बांधांचा अधिक आहे. खारे पाणी अडवावे, बांधाआड भात पिकवावे किंवा मीठ पिकवावे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. आगरी समाजाचे नावच मुळी आगरावरून पडले. मिठागराचे काम जवळून पाहिले, तर त्यातले शिस्तीचे शास्त्र ध्यानात येते. उधाणाच्या भरतीचे पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यायचे, तेथून एकामागून एक उथळ वाफ्यांत फिरवायचे, आणि ऊन-वाऱ्याने ते दाट होत होत शेवटच्या वाफ्यात आले, की पायांनी तुडवून दगडासारख्या घट्ट केलेल्या त्या तळावर मीठ धरते. लांब दांड्याला लावलेल्या फळीने मजूर ते हळू, जवळजवळ हलक्या हाताने, ओढतात. कारण फळी जराशी खोल गेली, की चिखल वर येऊन मीठ काळवंडते. बांधावरचे ढीग मिरगाच्या आत गवताने शाकारून टाकायचे, नाही तर पहिल्याच पावसात हंगाम खाडीला परत.

अशा या गावांना शहर करण्याचे काम सरकारी कागदावर मात्र फार झपाट्याने उरकले. भाईंदर, मिरे, काशी, नवघर आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती मिळून १२ जून १९८५ रोजी नगरपालिका स्थापन झाली. पुढे १९९० मध्ये उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे, वरसावे, चेणे ही गावे तीत आली. आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. म्हणजे सरपंचापासून महापौरापर्यंतचे अंतर सतरा वर्षांहूनही कमी काळात कापले गेले. लोकसंख्या २००१ च्या खानेसुमारीत ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ भरली. आणि क्षेत्र तेच, सुमारे ७९ चौरस किलोमीटर, ज्यातले डोंगर, तिवर आणि आगर वजा केले तर राहण्याजोगे फारच थोडे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण वेल्समधील पॉविस परगण्याचे. माँटगोमरी, रॅडनर आणि ब्रेकनक हे तीन जुने परगणे मोडून १९७४ साली तो सिद्ध झाला. क्षेत्र पाच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आणि वस्ती सव्वा लाखाच्या जराशी वर. तिथल्या कारभाऱ्याला दरीपलीकडच्या एकुलत्या एका शेतघरापर्यंत रस्ता कसा पोचवावा याची विवंचना, तर इथल्याला एका रस्त्यावरच्या हजार घरांना पाणी कसे पुरवावे याची. तरी एक गोष्ट दोघांतही सारखी वाटते: दफ्तरे एकत्र केली म्हणून जुने गाव माणसाच्या तोंडातून जात नाही. आमच्याकडचा मनुष्य आजही स्वतःला नवघरचा किंवा राईचा म्हणवतो, मिरा-भाईंदरचा क्वचितच.

पंचाण्णव नगरसेवकांची महासभा, अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे, तिजोरीच्या किल्ल्या स्थायी समितीच्या हाती, ही राज्यभरची रीत इथेही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सभागृहाची मुदत सरल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकाकडेच होता, हाही राज्यभरचाच प्रकार, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. नवल आहे ते हद्दींच्या गुंत्याचे. शहर ठाणे तालुक्यात आणि ठाणे जिल्ह्यात. पण जिल्ह्याच्या गावी रेल्वेने जायचे म्हटले, तर आधी दक्षिणेला दादर गाठून तेथून पुन्हा उत्तरेला यावे लागते, नाही तर घोडबंदरच्या रस्त्याला आपला दिवस वाहावा लागतो. एका साध्या उताऱ्यासाठी ही यात्रा मी दोनदा केलेली आहे. दुसऱ्या खेपेस खिडकीवरच्या गृहस्थांनी, अर्ज भलत्याच टेबलावर आला, एवढेच शांतपणे सांगितले. पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र झाले, पण ते वसई-विरारशी जोडलेले, म्हणजे खाडीपलीकडच्या पालघर जिल्ह्याशी. विधानसभेसाठी शहराची वाटणी दोन मतदारसंघांत. शहराच्या मालकीचे धरण नाही. पाणी येते ते शहाड-टेमघरच्या आणि औद्योगिक महामंडळाच्या नळांनी, आणि सूर्या धरणाच्या योजनेत रोजचा २१८ दशलक्ष लिटरांचा वाटा नेमून दिलेला आहे, तोही पालघरच्या डोंगरांतून. मिठागरांच्या पुष्कळशा जमिनीवर ताबा केंद्राच्या मीठ आयुक्तांचा, ज्यांचे मुख्य दफ्तर जयपूरला, समुद्रापासून चांगले दूर; तिवरांवर नजर वनखात्याच्या कांदळवन कक्षाची; आणि पूर्वेचे डोंगर उद्यानाचे. पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाणी तुंबले, की लोक जाब मात्र विचारतात तो पालिकेलाच. आणि पाणी तर यातली कोणतीच हद्द ओळखत नाही.

उत्तनला पोचलेल्या पाहुण्याला हे काही दिसत नाही. तिथे किनाऱ्याला बांबूंच्या वलांडी उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. बायका बोलता बोलता इतक्या सफाईने ती जोडी लावतात, की हात दिसतो आणि गाठ दिसत नाही. याच गावांच्या अंगावर शहराचा कचरा येऊन पडतो, ही त्यांची जुनी कैफियत आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. नगरपालिकेत येऊन उत्तनला काय मिळाले, हा प्रश्न तिथला म्हातारा कोळी विचारतो तेव्हा उत्तर देणे मला तरी जड जाते.

परतताना मी पुष्कळदा मुद्दाम भाईंदरच्या धक्क्यावर जातो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथून वसईला गाड्या आणि माणसे नेणारी रो-रो सुटते. रस्त्याने घोडबंदरला वळसा घालून जे अंतर तास खाते, ते ती काही मिनिटांत ओलांडते. खाडीत रेल्वेच्या दोन पुलांच्या मध्ये पाणजू बेट दिसते. एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल गेली, तेव्हा तिच्या थांब्यांत पाणजूचे नाव होते आणि भाईंदरचे नव्हते. आज ते बेट वसई तालुक्यात मोडते आणि तिथे अजून ग्रामपंचायतच आहे. बेटावरचे लोक होडीने ये-जा करतात; लोकल दर थोड्या मिनिटांनी त्यांच्या शेजारून धडधडत जाते, थांबत मात्र नाही.