चंद्राच्या एकोणतीस फेऱ्या, एका अंड्यात

बोरगावसारख्या एखाद्या गावातल्या कुठल्याही किराणा दुकानातून एक अंडं घ्या. त्याच्या पांढऱ्यात साधारण १२० मिलिग्रॅम लायसोझाइम असतं. जिवाणूंची भिंत कापून काढणारं, कोंबडीच्या रोगप्रतिकारशक्तीचं हे प्रथिन. वजनाला चिमूटभर मिठाहूनही कमी, पण रेणू मोजायला बसलात तर ५ वर १८ शून्यं! जगातल्या ८०० कोटी माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० कोटींहून जास्त. एक रेणू जेमतेम साडेचार नॅनोमीटर लांब; तरी सगळे एकामागे एक लावले, तर रांग बोरगावाहून चंद्रापर्यंत जाऊन परत येईल, तीही एकोणतीस वेळा. भारतात २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी झाली. त्यांतलं लायसोझाइम सतरा हजार टनांच्या घरात जातं, आणि आपण त्याचं ऑम्लेट करतो.

ते वेगळं काढणंही फारसं अवघड नाही. १९४६ सालची कृती अशी: पांढऱ्यात ५ टक्के मीठ घाला, सामू (pH) ९.५ वर न्या, थंडीत ठेवा. लायसोझाइमचे स्फटिक धरू लागतात. पक्ष्यांची इतर बरीच रोगप्रतिकारक प्रथिनं एवढी उदार नाहीत. बहुतेकदा त्यांचं जनुक जिवाणूत घालून प्रथिन बनवून घ्यावं लागतं, आणि लिटरभर वाढीतून काही मिलिग्रॅम शुद्ध माल निघाला तरी प्रयोगशाळा खूश.

एवढे रेणू कशाला हवेत? प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधतात, पण एकट्या रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण टिपताच येत नाहीत इतके क्षीण असतात. म्हणून लाखो कोटी रेणू एका शिस्तीत उभे करायचे. एक दशांश मिलिमीटर बाजूच्या घनाकार स्फटिकात सुमारे ३४ लाख कोटी रेणू बसतात, आणि एका अंड्यातून असे दीड लाख स्फटिक होऊ शकतील, अर्थात गळती शून्य धरली तर. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी अशाच स्फटिकांवरून १२९ अमिनो आम्लांच्या या साखळीची घडी उलगडली. रचना कळलेलं हे पहिलं विकर (एन्झाइम).

या स्फटिकाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग नुसतं पाणी असतं. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन आणि दिनकर साळुंके यांनी स्फटिकाभोवतीची हवा हळूहळू कोरडी करून पाहिली. सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास आली, की रेणू जवळ सरकून स्फटिकाची मांडणी बदलते.