रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव आणि स्थौल्य

आपल्या भागात स्त्रियांच्या कर्करोगाचा विषय निघाला की प्रथम गर्भाशयमुखाचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या नोंदींतही त्याचेच प्राबल्य असून गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग फार विरळ आढळला. विरळ असल्यामुळेच तो चिकित्सकाच्या मनात लवकर येत नाही.

जालना जिल्ह्यात आम्हा वैद्यांकडे पन्नाशी ओलांडलेली, स्थूल, बहुधा मधुमेही स्त्री ‘बंद झालेली पाळी पुन्हा आली’ असे सांगत येते. तोवर तिने दुकानातून अशोकारिष्टाच्या दोन-तीन बाटल्या नेलेल्या असतात. (हे औषध गुळाच्या संधानाने सिद्ध होते, हेही मधुमेहात विसरू नये.) सुश्रुताचार्यांनी रजःप्रवृत्तीचा काळ १२ ते ५० वर्षे सांगितला आहे. रजोनिवृत्तीनंतर वर्षभराने दिसणारे रक्त हे आर्तव नव्हे; त्यास असृग्दर समजून स्तंभन चिकित्सा करणे म्हणजे व्याधीस मुदत देणे होय. अशा सुमारे दहा स्त्रियांपैकी एकीस हा कर्करोग असतो.

मेदाचा संबंध येथेच येतो. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांतील इस्ट्रोजेन जवळजवळ थांबते. परंतु मेदोधातूतील अरोमाटेज हे विकर अधिवृक्क ग्रंथींच्या अँड्रोजेनपासून ते बनवीत राहते. त्यास आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र नसते. परिणामी अंतःस्तर वाढत जातो. रक्तातील वाढलेले इन्सुलिन त्यात भर घालते. शरीरभार निर्देशांकात ५ अंकांची वाढ झाल्यास हा धोका सुमारे दीडपट होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये हा संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध मानला. चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थौल्याचे दोष वर्णिले आहेत. त्यात आजचा कर्करोग ओढूनताणून शोधण्याचे कारण नाही.

पुरावा आहे तो वजनाचा. एखाद्या विशिष्ट पदार्थाचा तितका भक्कम नाही. म्हणून कोणत्याही काढ्यास वा धान्यास ‘कर्करोगनाशक’ म्हणू नये. गुरु व अपतर्पण हे स्थौल्यचिकित्सेचे सूत्र आपल्याकडे आहेच: ज्वारीची भाकरी, मूग, कुळीथ, लोणी काढलेले ताक. साखरेचा चहा, फरसाण व बेकरीचे पदार्थ वर्ज्य. आपल्या मोसंबीचा रस साखर घालून पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. जोडीला रोजचे चालणे.

रक्तस्राव असल्यास मात्र आहारविचार नंतर. प्रथम योनिमार्गे सोनोग्राफी करावी. अंतःस्तराची जाडी ४ मि.मी.हून अधिक असल्यास बायोप्सी आवश्यक आहे. जाडी कमी असूनही स्राव पुन्हा झाला, तरी ती टाळू नये. औषधविक्रेत्या बंधूंनी अशोकारिष्ट देताना वय आणि पाळी जाऊन किती काळ झाला, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर ‘वर्षापेक्षा जास्त’ असे आल्यास बाटली न देता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.